पॅरा जलतरणाच्या स्पर्धेत उतरायचंय? मग या क्रमाने चला

पॅरा जलतरणाची चौकशी करणारे बहुतेक जण सुरुवात टक्केवारीपासून करतात. ‘सर्टिफिकेटवर साठ टक्के आहे, चालेल ना?’ ‘पोराचे पंचेचाळीसच आलेत, वाढवून घ्यावेत का?’ खरं तर स्पर्धेच्या टँकवर ती टक्केवारी कुणी विचारतही नाही. तुमचं शरीर पाण्यात कितपत हलतं, एवढंच तिथे बघितलं जातं, आणि त्यावरून गट ठरतो. त्यामुळे आधी पोहायला लागा, कागद बरोबरीने करत राहा, आणि टायमिंगची चिंता गट ठरल्यावर करा. पुढची सगळी पावलं याच क्रमाने दिली आहेत.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक पोहण्यातच आलं, १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला. ते मिळवणारे मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. लष्करात असताना १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पुढे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून आले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१. हा खेळ आपल्यासाठी आहे का, ते आधी बघा

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. पॅरा जलतरणात मात्र दहाच प्रकार धरले जातात: स्नायूंची ताकद कमी असणं (पोलिओ, मणक्याची इजा), सांधे पूर्ण न वळणं, हात किंवा पाय नसणं, दोन पायांच्या लांबीत फरक, कमी उंची, स्नायूंचा कडकपणा, हालचालीतला तोल जाणं, अनैच्छिक हालचाली (हे शेवटचे तीन सेरेब्रल पाल्सीत नेहमी दिसतात), दृष्टिदोष आणि बौद्धिक अक्षमता.

म्हणजे हिमोफिलिया, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या मुलाला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळेल, पण तेवढ्यावर पॅरा जलतरणाचा गट मिळणार नाही. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या विदर्भातल्या पालकांना हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं. कर्णबधिर खेळाडूंचाही मार्ग वेगळा आहे. त्यांच्यासाठी डेफलिम्पिक्स आहे आणि भारतात त्यांची क्रीडा परिषदही स्वतंत्र आहे. पॅरालिम्पिकमध्ये त्यांचा गट नसतो.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल गैरसमज फार. एस-१४ हा गट बौद्धिक अक्षमतेचा आहे. बुद्ध्यांक ७५ किंवा त्याखाली आणि रोजच्या व्यवहारात मर्यादा, हे दोन्ही लहानपणापासून असल्याचं कागदोपत्री दाखवावं लागतं. नुसत्या ऑटिझमच्या निदानावर या गटात प्रवेश नाही. समुद्रातलं लांब पल्ल्याचं पोहणं ही आणखी वेगळी वाट. मुंबईच्या जिया राय या स्वमग्न मुलीने २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी पार केली. ते प्रचंडच काम आहे, पण तिथे गट नसतात, वर्गीकरणही नसतं.

२. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

‘पोहायला हरकत नाही’ एवढी चिठ्ठी पुरत नाही. आपल्या अवस्थेप्रमाणे प्रश्न घेऊन जा.

मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर रक्तदाब एकाएकी चढण्याचा धोका असतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. कारण पुष्कळदा साधंच असतं: भरलेलं मूत्राशय, पोटात रुतलेला पोशाखाचा काठ. असं झालं की लगेच पाण्याबाहेर, सरळ बसवणं, मूत्राशय रिकामं करणं, काठ सैल करणं. लक्षणं थांबली नाहीत तर दवाखाना. ही गोष्ट कोचला आणि जीवरक्षकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगा, कारण त्यांच्या प्रशिक्षणात ती बहुधा आलेली नसते. दुसरं, कमरेखाली संवेदना नसेल तर टँकच्या खरखरीत कठड्यावरून सरकताना कातडी सोलवटते आणि कळतसुद्धा नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेल्या फरश्या चटका देतात, तोही कळत नाही. कठड्यावर ओला जाड टॉवेल किंवा योगा मॅट टाका आणि घरी आल्यावर आरशाने मांड्या, बैठक, टाचा तपासा. एक जखम चिघळली की काही महिने गेले.

डाउन सिंड्रोम असेल तर सूर मारायला शिकवण्याआधी मानेच्या वरच्या मणक्यांचा एक्स-रे. यात चालढकल नको. फिट येत असेल तर एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, आणि काठावर जो उभा असेल त्याला आधीच माहीत असायला हवं. सेरेब्रल पाल्सीत गार पाण्याने स्नायू आखडतात. डिसेंबरात पुण्या-नाशिकच्या उघड्या टँकमध्ये सकाळी सहाची बॅच घेण्यापेक्षा दुपारची मागून घ्या. काचबिंदू किंवा नेत्रपटलाचा त्रास असेल तर घट्ट गॉगल आणि सूर, दोन्हींबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

३. टँक आणि कोच

पॅरा जलतरणाचा खास कोच जवळपास मिळेल अशी आशा धरून बसू नका. चांगला, धीराचा, साधा जलतरण कोच पुरतो. बाकी तो तुमच्याकडून शिकतो. त्याला एकच गोष्ट सांगा: ‘मला काय जमत नाही ते मी सांगेन, तुम्ही अंदाज करू नका.’

टँक निवडताना स्वतः जाऊन बघा. गेटपासून पाण्यापर्यंत व्हीलचेअर जाते का? पाण्यात उतरायला पायऱ्या आहेत की नुसती उभी शिडी? कपडे बदलायच्या खोलीत बाक आहे का? काठ पाण्याच्या पातळीला आहे की वर? काठ उंच असला तर हातांच्या बळावर बाहेर येणं अवघड जातं. ओल्या फरशीवर कुबडीचं झिजलेलं रबर घसरतं, ते बदलून घ्या. कृत्रिम पाय क्लोरीनच्या पाण्यापासून लांब, कुणाच्या वाटेत येणार नाही असा ठेवा.

‘इथे अपंगांना घेत नाही, जबाबदारी कोण घेणार’ हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागेल. भांडण्याआधी अर्ज लेखी द्या आणि उत्तरही लेखी मागा. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळात सहभागी होण्याच्या हक्काबद्दल आहे, त्याचा उल्लेख करा. पालिकेच्या टँकवर लेखी अर्जाचा उपयोग होतो. खासगी क्लबात ओळख जास्त चालते, हे कटू असलं तरी खरं आहे. दिव्यांगांना फीमध्ये सवलत आहे का, हेही विचारा. आपणहून कुणी सांगत नाही.

४. पाण्यातले पहिले महिने

गावाकडून आलेल्या अनेकांना पोहता येतंच. विहिरीत, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून शिकलेले असतात आणि पाण्याची भीती औषधालाही नसते. त्यांची अडचण एवढीच, की डोकं वर काढून पोहायची सवय लागलेली असते. डोकं वर म्हणजे कंबर खाली. पाय हलत नसलेल्या पोहणाऱ्याला याचा दुप्पट भुर्दंड पडतो, कारण बुडालेले पाय उचलायला किक नसते. म्हणून पहिला धडा तोल. तोंड पाण्यात, नजर तळाकडे, छाती किंचित दाबलेली, आणि शरीर आपोआप आडवं होतं का ते बघायचं. हे जमेपर्यंत वेगाचं नाव काढू नका.

पुढे प्रत्येकाची वाट वेगळी. एक हात नसेल तर शरीर एका बाजूला कलंडतं. श्वास डावीकडून घ्यायचा की उजवीकडून, हे दोन्ही बाजूंनी करून मोबाइलवर काठावरून व्हिडिओ काढून ठरवा. पाय नसतील तर सरावात पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोम) वापरायचा मोह होतो. वापरा, पण अर्ध्याहून जास्त वेळ नको. शर्यतीत कसलंही तरंगतं साधन किंवा कृत्रिम अवयव चालत नाही. दृष्टिहीनांनी स्ट्रोक मोजायला शिकावं. भिंत किती स्ट्रोकवर येते हे शरीराला पाठ झालं की अर्धी भीती गेली. लेनच्या दोरीला हात घासून सुरुवातीला सोलपटतो, तेवढं सोसावं लागतं. एस-१४च्या मुलांना रोज तोच क्रम द्या: तीच लेन, तोच वॉर्मअप, शिट्टीनंतर तेच शब्द. त्यांना नियमांत सूट नसते, त्यामुळे टर्न आणि टच पक्के हवेत.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी खांदे जपावेत. तुमचे खांदे दिवसभर चाकं फिरवतात, उठण्याबसण्याला वजन पेलतात आणि मग संध्याकाळी पोहतात. रबर बँडचे खांद्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, हे वेळापत्रकातच लिहून ठेवा.

सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास पुरे. आधी न थांबता ५० मीटर, मग २००, मग चारही प्रकारांची ओळख. बटरफ्लाय जमत नाही म्हणून खट्टू होऊ नका. आणि फ्रीस्टाइल म्हणजे क्रॉलच (पालथं होऊन आळीपाळीने हात मारणं) असा नियम नाही. कोणत्याही पद्धतीने, अगदी पाठीवरही पोहता येतं. ब्राझीलचा गॅब्रिएल अराउजो एस-२ गटातला, म्हणजे हालचालीची मर्यादा खूप असलेल्यांतला. त्याचे हात जन्मतःच अगदी अपुरे आहेत. तो पाठीवर, शरीराला माशासारखे हेलकावे देत पोहतो. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदकं नेली, त्यातलं एक २०० मीटर फ्रीस्टाइलचं.

५. वर्गीकरण, म्हणजेच क्लासिफिकेशन

सगळ्यात जास्त गोंधळ, रडारड आणि रुसवेफुगवे इथे होतात, म्हणून हे शांतपणे वाचा.

गटाचं नाव अक्षरं आणि आकडा मिळून होतं. ‘एस’ म्हणजे फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय. ‘एसबी’ म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक. ‘एसएम’ म्हणजे मेडले, एकाच शर्यतीत पोहण्याचे वेगवेगळे प्रकार. १ ते १० शारीरिक दिव्यांगत्वासाठी (ब्रेस्टस्ट्रोकमध्ये १ ते ९), ११ ते १३ दृष्टिदोषासाठी, १४ बौद्धिक अक्षमतेसाठी. शारीरिक गटांत आकडा जितका लहान तितकी हालचालीची मर्यादा जास्त. एकाच माणसाचे ‘एस’ आणि ‘एसबी’चे आकडे वेगळे असू शकतात, कारण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांचं काम जास्त असतं.

शारीरिक गटांत तपासणी तीन टप्प्यांत होते. आधी टेबलावर: स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, समन्वय, अवयवांची लांबी मोजतात. मग पाण्यात पोहायला लावतात. शेवटी प्रत्यक्ष शर्यतीत लक्ष ठेवतात. दृष्टिदोषाची तपासणी डोळ्यांचे तज्ज्ञ करतात. जाताना मूळ वैद्यकीय अहवाल न्या: एमआरआय, शस्त्रक्रियेचे कागद, डोळ्यांच्या तपासण्या. यूडीआयडी कार्ड ही ओळख झाली, निदानाचा पुरावा नव्हे.

मग येते ती ठरलेली तक्रार: ‘त्याला दोन्ही पाय आहेत आणि माझ्याच गटात?’ उत्तर आपल्या दोन नामवंत जलतरणपटूंकडे बघून मिळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले. बंगळूरच्या निरंजन मुकुंदनला जन्मापासून स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा दोष) आहे, म्हणजे अडचण पायांची. दोघेही एस-७. टोकियो पॅरालिम्पिकला दोघेही ५० मीटर बटरफ्लायमध्ये होते. वेगवेगळ्या कारणांनी पाण्यात येणारी अडचण साधारण सारखी भरली की गट एक होतो. पाय दिसतात की नाही, याला अर्थ नाही. सुयशने २०१८च्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं.

खालचा, म्हणजे ‘सोपा’ गट मिळावा म्हणून तपासणीत मुद्दाम कमी दाखवा, असा सल्ला देणारे लोक भेटतील. त्यांच्यापासून दूर राहा. जाणूनबुजून खोटी कामगिरी दाखवणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे, बंदी येते, आणि शर्यतीतलं निरीक्षण त्यासाठीच असतं. वर्षभर चालणारी फसवणूक करण्यापेक्षा वरच्या गटात पाचवं येणं परवडलं.

गटापुढे दर्जाचं अक्षर असतं: नवीन, पुन्हा तपासणीला पात्र, किंवा कायम. वाढत्या वयाच्या मुलांना आणि ज्यांची अवस्था बदलती आहे त्यांना पुन्हा बोलावतात. गट बदलला तर आभाळ कोसळलं असं समजू नका. राष्ट्रीय वर्गीकरण देशातल्या स्पर्धांपुरतं; परदेशात आंतरराष्ट्रीय क्लासिफायर, म्हणजे गट ठरवणारे तपासनीस, नव्याने बघतात. हरकत घ्यायची असेल तर ती संघटनेमार्फत, ठरलेल्या मुदतीत. खेळाडूने काठावर आरडाओरडा करून काही होत नाही.

गटाबरोबर कोणती सूट किंवा मदत चालेल हे सांगणारी काही सांकेतिक अक्षरं आणि आकडेही मिळतात. उदाहरणार्थ ‘ए’ म्हणजे मदतनीस लागतो, ‘ई’ म्हणजे बॅकस्ट्रोकला हाताने पकड घेता येत नाही, ‘टी’ म्हणजे टॅपर (भिंत आली हे काठीने टकटक करून सांगणारा), ‘बी’ म्हणजे काळे केलेले गॉगल. हे पाठ करा. पंचांच्या कागदावर जी सूट नाही, ती शर्यतीत मिळत नाही.

६. कागद आणि संघटना

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. आधार, जन्माचा दाखला, अधिवास आणि पासपोर्ट एका फाइलमध्ये. चारही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच असू दे. ऐनवेळी सगळ्यात जास्त घोळ यातच निघतो.

देशात या खेळाचा कारभार भारतीय पॅरालिम्पिक समितीकडे आहे. क्रम असा: जिल्हा किंवा राज्य निवड, मग राष्ट्रीय स्पर्धा, मग आंतरराष्ट्रीय परवाना आणि पात्रतेची वेळ. परवाना खेळाडूला थेट मिळत नाही, समितीमार्फतच मिळतो. पहिल्या खेलो इंडिया पॅरा गेम्समध्ये, २०२३ साली, जलतरण नव्हतं. म्हणून पोहणाऱ्यासाठी राष्ट्रीय स्पर्धाच मुख्य.

इथे एक सावधगिरी. नावात ‘पॅरा’ आणि ‘नॅशनल’ असलेल्या, भरमसाट प्रवेश फी घेऊन सगळ्यांना पदकं वाटणाऱ्या स्पर्धा पुष्कळ निघाल्या आहेत. पैसे भरण्याआधी तीनच प्रश्न: तुम्ही कुणाशी संलग्न आहात? क्लासिफायर येणार आहेत का? निकालपत्रावर गट छापला जातो का? उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि क्रीडा विभाग प्रमाणपत्रांची पडताळणी करतो. तिथे असली चकचकीत प्रमाणपत्रं टिकत नाहीत.

प्रवासाला रेल्वेची सवलत आहे. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशांना, पूर्ण दृष्टिहीनांना आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना स्लीपर आणि थ्री-एसीत ७५ टक्के, सोबत्यालाही तितकीच. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र आधी काढून ठेवा.

७. शर्यतीचा दिवस

स्टार्ट तीन प्रकारे घेता येतो: ब्लॉकवर (काठावरच्या ओट्यावर) उभं राहून, ब्लॉकवर बसून किंवा पाण्यातून. पाण्यातून घेणाऱ्याने सिग्नल होईपर्यंत भिंत सोडायची नाही. तोल राहत नसेल तर मदतनीस धरू शकतो, पण ढकलू शकत नाही. ढकललं की बाद. बॅकस्ट्रोकला हाताने पकड नसेल तर टॉवेल किंवा पट्टा दातांत धरूनही स्टार्ट घेतात. चीनचा झेंग ताओ, ज्याला दोन्ही हात नाहीत, असाच सुटतो आणि शेवटी डोक्याने भिंतीला टच करतो. टोकियोत त्याची चार सुवर्णं होती.

एस-११ला सगळ्यांनी काळे गॉगल घालायचे, म्हणजे थोडाफार उजेड दिसणाऱ्याला फायदा नको. टोकाला मऊ गोळा लावलेल्या काठीने टॅपर डोक्यावर किंवा पाठीवर टकटक करतो, मग टर्न किंवा फिनिश. टॅपर आणि पोहणारा ही जोडीच असते. टकटक अर्धा स्ट्रोक उशिरा आली तर डोकं भिंतीवर आपटतं. म्हणून स्पर्धेच्या सकाळी उसना टॅपर घेऊ नका. घरचा भाऊ, बहीण, मैत्रीण यांना सरावातच तयार करा. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्ण जिंकलं ते याच दृष्टिहीन गटात.

प्रवेशिका भरताना आपल्या गटाला कोणते प्रकार आहेत ते बघा. मोठ्या स्पर्धांत बटरफ्लाय एस-५ ते एस-७ला ५० मीटरच, त्यापुढच्या गटांना १००. मेडले एसएम-१ ते ४ला १५० मीटर, बटरफ्लाय वगळून. ४०० मीटर फ्रीस्टाइल एस-६ ते एस-१३ला. वर्षभर चुकीच्या अंतराचा सराव केलेली मुलं दरवर्षी भेटतात.

नेहमीची औषधं घेत असाल तर पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेआधी ती बंदी असलेल्या यादीत आहेत का हे तपासा. लघवी वाढवणारी औषधं, इन्सुलिन, तोंडाने घ्यायची स्टेरॉइड्स यांना पूर्वपरवानगी लागते, आणि ‘डॉक्टरांनीच दिलं’ हे उत्तर नाडा (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) ऐकत नाही.

शर्यत संपली की निकालपत्राचा फोटो काढा. त्यावर नाव, गट, दर्जाचं अक्षर आणि वेळ बरोबर आहे ना ते तिथेच बघा, चूक असेल तर तांत्रिक टेबलावर लगेच सांगा. संध्याकाळी टँक बंद झाल्यावर ती दुरुस्त करणारं कुणी सापडत नाही. वेळेपुढे टँक २५ मीटरचा होता की ५०चा हेही लिहून ठेवा. दोन्हींची तुलना करायची नसते.